कापूस जायचा, पाणी यायचं

मार्गशीर्ष लागला की अमरावतीच्या भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसायला लागतात. हिरव्यावर जांभळ्या रेघा असलेल्या, दाण्यांनी टम्म फुगलेल्या शेंगा. मी दर वर्षी पहिल्याच दिवशी दोन किलो घेते. घरी आणून धुते, पातेल्यात घालते, पाणी ओतते, आणि मिठाच्या डब्याकडे हात गेला की क्षणभर थांबते. माझ्या सासरच्या गावी शेंगा उकडताना मीठ घालावं लागत नसे. विहिरीचं पाणीच खारट होतं.

यंदा शेंगा उकडत होत्या तेव्हा माझी लेक केतकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली होती. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या क्लासमध्ये दर आठवड्याला एक निबंध लिहून द्यावा लागतो. या वेळचा विषय होता, ‘मानवी जीवनाची गुणवत्ता : उंचावते आहे की घसरते आहे?’ तिनं पानाच्या मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला लसी, शाळा, वीज, मुलींचं शिक्षण, वाढलेलं आयुष्य. दुसऱ्या बाजूला ऊन, धूर, आटलेल्या नद्या, एकटेपणा, औषधांवर जगणारी म्हातारी माणसं.

“आई, दोन्ही बाजू सारख्याच भरून राहिल्या,” ती वैतागून म्हणाली. “तू सांग. जग सुधरून राहिलं का बिघडून राहिलं?”

“मी जगाचं काय सांगू?”

“मग तुला जेवढं दिसलं तेवढं सांग.”

मला एक हंगाम दिसला होता. तिसेक वर्षांपूर्वीचा, कापूस वेचणीचा. तो मी तिला तुकड्यातुकड्यांनी आधीही सांगितला होता, पण त्या संध्याकाळी, शेंगा सोलता सोलता, पहिल्यांदाच सलग सांगितला.

मी परतवाड्याकडची. आमच्याकडे संत्र्याच्या बागा, डोंगराच्या पायथ्याचं पाणी, विहिरीत बादली सोडली तर गार, गोड पाणी वर यायचं. पाणी गोड असतं हे मला माहीतही नव्हतं, कारण ते कधी वेगळं चाखलंच नव्हतं. लग्न होऊन पूर्णेकाठच्या गावी आले आणि पहिल्याच सकाळी चहा केला, तर तो फाटला. दूध नासकं असेल म्हणून दुसरं घेतलं, तोही फाटला. नवी नवरी, चुलीपुढं बसलेली, डोळ्यांत पाणी. माझी मोठी जाऊ दारात उभी राहून पाहत होती. ती हसायला लागली.

“रडतं काहून वं? दुधाले काई नाई झालं. आमचं पानीच तसं हाय. चहाले रांजनातलं घे, गोडं.”

तिचं नाव सुमन. घरात सगळे तिला बाई म्हणायचे, मीही म्हणू लागले. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठी, उंच, सावळी, चालताना पायांतली जोडवी वाजवत जाणारी. माझे मिस्टर धामणगाव रेल्वेला शाळेत नोकरीला होते, ते शनिवारी यायचे. बाकी सारा आठवडा मी, बाई, तिचे यजमान म्हणजे दादा, आणि त्यांचा दोन वर्षांचा प्रमोद. मला नवऱ्याची सवय व्हायच्या आधी बाईची सवय झाली.

त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. कितीही खोल खणा, पाणी खारटच. साबणाला फेस येत नसे. केस धुतले तरी चिकट राहत. घागरीच्या तळाशी पांढरा थर बसायचा, तो विटकरीनं घासून काढावा लागे. आणि डाळ शिजत नसे. चारी बाजूंना तूर उभी असलेल्या गावात, जिथून पोत्यांनी तूर बाजाराला जात होती, तिथं वरण करायचं म्हणजे बाईला रांजणातलं गोडं पाणी तांब्यानं मोजून घ्यावं लागे. ते पाणी टँकरनं यायचं, आठ-आठ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. पाहुणे, आजारी माणूस आणि वरण, एवढ्यांसाठीच ते होतं. आम्ही प्यायचो विहिरीचंच. हळूहळू जिभेला त्याची सवय झाली. माहेरी गेले तेव्हा तिथलं पाणी मला फिकं लागलं, आणि आपण परक्या झालो असं वाटून फार वाईट वाटलं होतं.

जमीन मात्र काय होती! काळी, लोण्यासारखी. कापूस फुटला की सकाळच्या दवात सारं शेत डोळे दिपवायचं. सूर्य वर यायच्या आत आम्ही शेतात असायचो. कमरेला ओटी बांधून बायका ओळीनं पुढे सरकायच्या. बाईचे हात इतके भरभर चालत की बोंडातून कापूस आपणहून तिच्या मुठीत येतो असं वाटे. तिची बरोबरी करणारी एकच होती, कौसल्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतली, आमच्याकडे दर वर्षी वेचायला येणारी. बाईच्याच वयाची. दोघी शेजारशेजारच्या तासांना, म्हणजे ओळींना, लागत आणि धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, कोण आधी पोचतं याची पैज लावत. कौसल्या जिंकली की कमरेवर हात ठेवून असं हसायची की पलीकडच्या शेतातली माणसं मान वर करून पाहत.

“बाई, तुमी घरच्या वं, तुमाले घाई नाई,” ती चिडवायची. “मले पोट हाय, मी पयते.”

दुपारी बाभळीखाली भाकर, ठेचा, कांदा. मग पाय पसरून घटकाभर बसणं. कपाशीचा, ओल्या मातीचा आणि घामाचा मिळून एक वास असे. तो आज कुठं आला तर मी डोळे मिटून सांगेन की हे अगदी डिसेंबरातले दिवस आहेत.

त्याच दिवसांत बाईची जोडवी बोटांत रुतायला लागली. आधी आम्ही हसलो. मग सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसू लागले. “वाकून वाकून आलं असन,” ती म्हणायची. एका दुपारी तासाच्या मध्येच ती खाली बसली आणि बसल्याबसल्या आडवी झाली. ओटीतला कापूस सांडून तिच्या तोंडावर आला. सगळ्यात आधी कौसल्या धावली. तिनंच बाईचं डोकं मांडीवर घेतलं.

दादांनी बैलगाडीतून सडकेपर्यंत नेलं, तिथून एसटीनं अकोल्याला. मी सोबत होते. दवाखान्यात चार दिवस काढले. मूत्रपिंडावर परिणाम झालाय, डॉक्टर म्हणाले, पण आत्ता सांभाळलं तर निभावेल. गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आणि म्हणाले, “विहिरीचं पाणी पूर्ण बंद. फक्त गोडं पाणी प्यायचं.”

दादा हात जोडून उभे होते. “डाक्टरसाहेब, गोया घेईन मी. गोडं पानी कोठून आनू?”

डॉक्टर तरुण होते. त्याचं औषध त्यांच्याकडे नव्हतं.

आम्ही परत आलो. दादांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण गावात कशाला सांगावं लागतंय! तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची गाडी कापूस घेऊन अकोटच्या जिनिंगला गेली. दिवस मावळता परत आली तर रिकाम्या गाडीत दोन डबे, पाण्यानं काठोकाठ भरलेले, हलू नयेत म्हणून कडब्यात रुतवून ठेवलेले. “अकोटचं हाय. बाईसाठी,” एवढंच बोलून तो माणूस बैल सोडायला गेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडी. मग जी गाडी अकोटला जाई ती आमचं पाणी घेऊन येई. कापूस जायचा, पाणी यायचं. संध्याकाळी गाड्यांचा आवाज आला की मी अंगणात जाऊन उभी राहायचे. एसटीचा एक कंडक्टर होता, तो ड्रायव्हरच्या मागं डबा ठेवून आणायचा आणि चढणाऱ्याला दरडावायचा, “पाय नको लावू त्याले, बिमाराचं पानी हाय.”

पाण्याची राखण माझ्याकडे होती. पांढऱ्या फडक्यानं गाळायचं, झाकायचं, बाईला द्यायचं. मला त्या कामाचा अभिमान वाटू लागला होता. प्रमोदनं तांब्या बुडवला तर मी त्याच्यावरही ओरडले होते. पंधराएक दिवसांत बाईच्या तोंडावरची सूज उतरली. जोडवी पुन्हा फिरू लागली. ती शेतात जात नव्हती, पण अंगणात बसून तूर पाखडायची.

आणि माझ्या लक्षात आलं की रांजण लवकर खाली जातोय. बाई पिते त्यापेक्षा जास्त पाणी कमी होतंय.

मी पाळत ठेवली. हे लिहिताना लाज वाटते, पण ठेवली. एका दुपारी जेवणं झाल्यावर बाई उठली, तांब्या भरला, पदराखाली धरला आणि मागच्या दारानं निघाली. मी मागून गेले. नाल्याच्या काठाशी कौसल्या बसली होती, पाय पुढे पसरून. बाईनं तिच्या हातात तांब्या दिला. कौसल्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि थांबत थांबत, एकेक घोट करून संपवला. तिच्या पायांवर सूज होती. बाईच्या पायांवर होती तशीच, त्याहूनही जास्त.

बाई परत आल्यावर मी रागानं बोलले. “बाई, अख्खं गाव तुमच्यासाठी अकोटहून पाणी वाहून राहिलंय. अन् तुम्ही ते वाटून टाकता?”

तिनं तांब्या पालथा घातला. “तिचे पाय पायले का तू?”

मी पाहिले होते. रोज पाहत होते. बाभळीखाली ती पाय पसरून बसायची तेव्हा तिच्या पैंजणांच्या जागी वळ पडलेले मला दिसायचे. बाईची सूज दिसली तेव्हा मी दादांना सांगायला धावले होते.

“पाहिले,” मी म्हणाले.

“मंग?”

एवढंच. तिचा आवाजही चढला नव्हता. ती प्रमोदला घेऊन आत गेली.

मग मी दादांना कौसल्याचं सांगितलं. त्यांनी गाडीवानांना आणखी एकेक डबा आणायची विनंती केली. काहींनी आणला. काही म्हणाले, बाईसाठी आणतो, साऱ्या गावाचं कसं आणावं? त्यांच्यावर तरी काय रागवायचं. बैलही थकलेले असायचे. संक्रांतीनंतर कापूस संपला आणि गाड्यांच्या फेऱ्याच थांबल्या. दादा सायकलला दोन डबे बांधून जमेल तसं आणत राहिले, त्यातला एक तांब्या नाल्याकडे जात राहिला. तो रोज मी नेऊन देऊ लागले. कौसल्या पाणी प्यायची, तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, “लय गोड हाय वं, सून. माहेरची आठवन येते.” तिचं माहेर कुठलं ते मी कधी विचारलं नाही.

तिला अकोल्याला नेलं ते चैत्रात. तिथले डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. उन्हाळा संपायच्या आत ती गेली. मागं एक मुलगा राहिला, आठ-नऊ वर्षांचा. बाई जगली.

पुढं आम्ही अमरावतीला घर केलं. मी शाळेत शिकवू लागले. नळ, फिल्टर, गीझर, सगळं एकेक करून घरात आलं. केतकी झाली तेव्हा मोठ्या दवाखान्यात, स्वच्छ चादरीवर, दोन डॉक्टरांच्या देखरेखीत. आयुष्य सुधारलं हे मी कोणत्या तोंडानं नाकारू? आणि तरी शाळेच्या स्टाफरूममध्ये, विशेषतः पाऊस वेळी-अवेळी येऊन गेला, फ्लॅटमधल्या शेजाऱ्याचं नाव माहीत नाही असं लक्षात आलं, की मी त्या गाड्यांची गोष्ट सांगायची. रिकाम्या गाड्यांतून येणारं पाणी, कडब्यात रुतवलेले डबे, तो कंडक्टर. “काय माणसं होती!” सगळे हळहळायचे. कौसल्याची गोष्ट मी त्यात सांगत नसे. ती सांगितली की पहिली गोष्ट तेवढी गोड राहायची नाही.

केतकीला त्या संध्याकाळी मात्र दोन्ही सांगितल्या. तिनं वही मिटली. मग म्हणाली, “आई, मोठ्या आईलाच विचारू ना. शनिवारी जाऊ.”

शनिवारी आम्ही बाईकडे, केतकीच्या मोठ्या आईकडे, गेलो. सडक आता थेट गावात जाते. घरं सिमेंटची झाली आहेत, टॉवर आला आहे, गोठे रिकामे आहेत. शेतात कापूस होता, पण बोंडं किडकी, अळीनं पोखरलेली. मध्येच झालेल्या अवकाळी पावसानं फुटलेला कापूस काळवंडलेला. वेचायला बायका मिळत नाहीत, त्या लांबच्या गावाहून टेम्पोत भरून येतात, कानात फोनचं गाणं लावून वेचतात. तरुण मुलं पुण्याला. दादा जाऊन सहा वर्षं झाली. पण अंगणात नळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून पाइप आला आहे, दर तिसऱ्या दिवशी तासभर गोडं पाणी येतं. बाई साठीच्या पुढं गेली आहे, गोळ्या चालूच आहेत, पाठ थोडी वाकली आहे. तिनं आमच्यासाठी वरण टाकलं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत डाळ गळून गेली. तिनं पळीनं घोटून मला दाखवली, जणू ती तिची स्वतःची करामत होती.

जेवताना केतकीनं तिला निबंधाचं सांगितलं. गाड्यांचंही बोलली. “मोठी आई, तेव्हाचे लोक किती चांगले होते ना? आता कोणी असं करेल का?”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. “हे तुह्या मायनं सांगतलं?”

“हो.”

“मास्तरीन झाली ते, तिले सारं गोडच सांगाव लागते.” मग ती केतकीकडे वळली. “चांगले होते वं लोक. उपकार हाय त्यायचे माह्यावर. पन तवा नळ असता तर मी बिमारच कायले पडली असती? लोकायची माया पायासाठी मानसानं मरनाच्या दारी जाऊन बसाव काय? अन् कौसल्याले कोनती माया भेटली?”

बाईनं केतकीच्या भातावर आणखी वरण वाढलं.

“मग आता चांगलं आहे म्हणू?” केतकीनं हळूच विचारलं.

“आता पानी चांगलं हाय. ऊन लय वाईट हाय. पोरं दूर हाय. पन रोज फोन करते.” तिनं वरणाचं पातेलं झाकलं. “कौसल्याची नात मले म्हने, आजी, आमच्या दारात नळ लागला. मी पाह्याले गेली. तठी उभी राहून रडली मी. तुहे मोठे बाबा गेले तवा एवढी नाई रडली.”

मी हात धुवायला उठले आणि उगाच बराच वेळ हात धूत राहिले. बाईनं मला जन्मभर टोचेल असं काही ऐकवलं नव्हतं. त्या दुपारच्या ‘मंग?’पुढचं वाक्य ती इतक्या वर्षांत एकदाही बोललेली नाही. तिनं मला माफ केलं का, हेही मी कधी विचारलं नाही. तिच्या घरी आले की ती माझ्या ताटात आधी वाढते, एवढं मला पुरतं.

चारच्या सुमाराला गल्लीत गलका झाला. नळाला पाणी आलं होतं. प्रमोद, आता तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, लगबगीनं उठला आणि त्यानं नळाला जोडलेली छोटी मोटर चालू केली. घरोघरी तशाच मोटरी लागल्या. सगळी गल्ली घूं घूं करू लागली, आमची टाकी धो धो भरू लागली. केतकी कौतुकानं पाहत होती.

बाई बाजेवरून उठली. भिंतीला धरत धरत गेली आणि तिनं बटण बंद केलं.

“आई, काहून बंद केली? तासभरच येते ते!” प्रमोद वैतागला.

“नाल्यापलीकडं पोचते का मग? तुमी सारे ओढून घेता, तिकडं नळातून हवा येते निस्ती.”

“आपन एकट्यानं बंद करून काय होते? सारेच लावते.”

“म्हून तर चालली,” म्हणत बाईनं चपला घातल्या.

मी तिच्यामागं गेले. या वेळी लपतछपत नाही. ती एकेका दारापुढं थांबली आणि नावानं हाक मारत गेली. “सुनीता, बंद कर वं मोटर घटकाभर. ए गोपाल, ऐकू येते काय? कोनाची टाकी भरली?” एका घरातून कुणी कुरकुरलं, तेव्हा मी पुढं झाले आणि म्हणाले, “वीस मिनिटं द्या ना, पलीकडे पिण्यापुरतंही येत नाही.” एक मोटर थांबली. मग दुसरी. एक घर ऐकेना, तिथं बाई दारातच बसली, तेव्हा तीही थांबली. गल्ली शांत झाली. घरी येईपर्यंत बाईला धाप लागली होती. प्रमोद नळापाशी उभा होता, आमच्या नळातून आता करंगळीएवढी धार येत होती. केतकीनं खाली बादली सरकवली.

आम्ही सगळे कान देऊन थांबलो. बऱ्याच वेळानं नाल्यापलीकडून एका बाईचा आवाज आला, “आलं वं आजी! पानी आलं!”

प्रमोदनं बटणाकडे हात नेला. “लावू काय आता?”

“थांब,” बाई म्हणाली. “तिची घागर भरू दे.”